दत्तमहाराजांच्या पाटावर

समस्त आप्तेष्ट, सोसायटीचे सन्माननीय सभासद आणि गेली एकतीस वर्षे माझ्या हातचा प्रसाद निमूटपणे खात आलेले सर्व सज्जन यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, यंदाच्या मार्गशीर्षातले माझे सप्ताह पारायण सहाव्या दिवशी, सकाळी अकराला दहा मिनिटे कमी असताना, अध्यायाच्या ऐन मध्यावर मोडले. मोडणारा दुसरा कोणी नसून मीच. वीज गेली नव्हती, भूकंप झाला नव्हता, मला चक्करही आली नव्हती. मी पूर्ण शुद्धीत होतो, स्वतःच्या पायांनी उठलो आणि स्वतःच्याच बोटाने पंख्याचे बटण दाबले. याबद्दल आमच्या इमारतीत सध्या तीन निरनिराळ्या हकिकती फिरत आहेत. त्यांतल्या एकीत माझ्या अंगावर मांजर पडल्याचे सांगतात. म्हणून खरे काय घडले ते लिहून ठेवतो. हसायचे तिथे खुशाल हसा. आता मीही हसतो. त्या सकाळी मात्र हसत नव्हतो.

आमच्या घरी हे पारायण वडिलांपासून चालत आले आहे. ते गेल्यावर मी हाती घेतले. मी पनवेलच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला आहे आणि दर मार्गशीर्षात आठ दिवसांची रजा टाकतो, हे आता आमच्या प्राचार्यांनाही पाठ झाले आहे. नियम कडक असतात. सात दिवस तीच जागा, तीच वेळ, तेच आसन, पूर्वेकडे तोंड. वाचताना बोलायचे नाही आणि अध्याय संपेपर्यंत जागेवरून उठायचे नाही. शेजारी तुपाचा दिवा सात दिवस अखंड तेवत ठेवायचा. जेवण एकवेळ, साधे, कांदा-लसणाशिवाय. झोपणे जमिनीवर घोंगडीवर. आणि वाचणाऱ्याच्या उजव्या हाताला एक पाट मांडून, त्यावर धुतलेले वस्त्र घालून तो रिकामा ठेवायचा. तो दत्तमहाराजांचा. वाचन चालू असताना महाराज येऊन त्यावर बसतात आणि ऐकतात, अशी आमची श्रद्धा. ते कोणत्या रूपात येतील याचा नेम नाही, म्हणून मी त्या सात दिवसांत बाहेरचे दारही नुसते लोटून ठेवतो.

एक कबुलीही इथेच देऊन टाकतो. मी नियम पाळायचो ते भक्तीने, हे खरे. पण त्यात ऐट फार होती. तरुणपणी हौशी नाटकांत काम केलेले, आवाज बरा, त्यामुळे मी पोथी वाचायला लागलो की जिन्यातून जाणारा माणूस थबकलाच पाहिजे असा माझा प्रयत्न असे. आणि थबकला की नाही हे मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहतही असे. दर वर्षी मी सात दिवस दारातून येणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघायचो: हेच तर महाराज नसतील? यंदा पहिल्या पाच दिवसांत मी एका कुरिअरवाल्याला दोन्ही हात जोडले, पाण्याचा फिल्टर साफ करायला आलेल्या मुलाला बळेच केळे खायला घातले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याला, त्याची मालकीण बघत असताना, वाकून नमस्कार केला. कुत्रा भुंकला. मालकीण त्यानंतर लिफ्टमध्ये माझ्याशी जपून बोलते.

सहाव्या दिवशी सकाळी माझी मुलगी मानसी ऑफिसला जाता जाता नातीला आमच्याकडे सोडून गेली. नात सई, पावणेतीन वर्षांची. एरवी घरात आली की तिच्या मागे मीच धावतो. त्या दिवशी मात्र ती आईच्या खांद्यावरून उतरायलाच तयार नव्हती. नाक वाहत होते, अंग कोमट होते. मानसीने औषधाची बाटली माझ्या हातात दिली, एका कागदावर सगळे लिहून तो फ्रिजला चिकटवला आणि म्हणाली, "बाबा, साडेसातला तापाचे औषध दिलेय. साडेअकराच्या आत परत द्यायचे नाही. तिला हलके कपडे राहू देत आणि पाणी पाजत राहा. ताप चढला तर मला लगेच फोन. ऐकताय ना?"

मी ऐकत होतो. म्हणजे कान ऐकत होते. माझे लक्ष घड्याळाकडे होते, कारण वाचन नऊला सुरू व्हायचे होते.

माझ्या बायकोला त्या दिवशी चिरनेरला जायचे होते. तिच्या बहिणीच्या नातवाचे बारसे होते आणि पाळण्याची चादर हिच्याकडे होती. सईला बघून ती दारात अडखळली. "मी नाही जात," म्हणाली. मी हात वर करून, रंगमंचाच्या मध्यभागी उभे राहून बोलावे तसा बोललो, "निर्धास्त जा. घरात मी आहे आणि माझ्या शेजारी साक्षात महाराज आहेत." तिने पिशवीत चादर घेतली आहे ना ते पाहिले. मग म्हणाली, "महाराजांचा भरवसा आहे हो मला," आणि चपला घालून गेली.

वाचनाच्या खोलीतच माझ्यापासून हातभर अंतरावर सईची गादी घातली. आता ती खोली डोळ्यांपुढे आणा. शेजारी नवीन इमारत उठते आहे, तिची सिमेंटची धूळ येऊ नये म्हणून खिडक्या बंद. दिवा विझू नये म्हणून पंखा बंद. धूप लावलेला. डिसेंबरातली सकाळ म्हणून पोरीला मी आपल्या शहाणपणाने स्वेटर आणि कानटोपी चढवलेली. फोन आतल्या खोलीत, आवाज बंद करून ठेवलेला, कारण वाचताना फोन वाजणे हे आमच्या नियमात बसत नाही. मी सईच्या कपाळाला अंगारा लावला, आसनावर बसलो आणि पोथी उघडली.

पहिला अध्याय फार सुंदर झाला. दुसऱ्याच्या सुरुवातीला सई म्हणाली, "आबा, थंडी." मी आवाज न थांबवता उजवा हात लांबवून तिच्या अंगावर शाल ओढली. थोड्या वेळाने तिचे दात वाजायला लागले, तेव्हा शालीवर रजई आली. तरी ती कुडकुडतच होती. मग मी माझी घोंगडीही पायाने जवळ सरकवून तिच्यावर घातली. हे सगळे मी एक अक्षरही न चुकता केले, आणि खोटे कशाला बोलू, त्याचे मला कौतुक वाटले. थोड्या वेळाने तिचे कुडकुडणे थांबले. गाल लाल झाले. मला वाटले, ऊब लागली, झोप लागली. महाराजांची कृपा.

मग ती कण्हायला लागली. रडणे नव्हते ते. झोपेतच बारीक, एकसुरी आवाज काढत होती. मी ओवीच्या शेवटी श्वास घेताना तिच्या गालाला हात लावला आणि तव्याला लागल्यासारखा मागे घेतला.

आता या हकिकतीतला जो भाग मला गाळायला आवडला असता, तो आला. मी उठलो नाही. पानाच्या कडेला ओव्यांचे आकडे असतात. मी ते पाहिले. अध्याय संपायला अजून बऱ्याच ओव्या होत्या. मी मनात म्हणालो, एवढा संपवतो आणि उठतो. आणि मी भराभर वाचायला लागलो. एकतीस वर्षांत ज्या पोथीचा एकेक शब्द मी तुपात घोळवून वाचला, ती मी स्टेशनवरच्या घोषणेसारखी वाचत सुटलो. हाक मारली, "सई," तीही दोन ओव्यांच्या मध्ये, ओवीच्याच चालीत. तिने डोळे अर्धवट उघडले आणि पुन्हा मिटले. तरी उठलो नाही.

का उठलो नाही, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. ऐट होतीच. पण ऐटीच्या खाली भीती होती, आणि ती लहानपणापासूनची होती. मध्येच उठले तर कोप होतो, असे मी वडिलांकडून ऐकले होते. मला वाटले, मी उठलो आणि तेवढ्यात पोरीला काही झाले तर? ते माझ्या उठण्यानेच झाले असे मला जन्मभर वाटेल. म्हणजे बघा, पोर माझ्या हातभर अंतरावर तापाने भाजत होती, आणि तिला वाचवायचा उपाय म्हणून मी तिच्याकडे न जाता जागेवर बसून होतो. डोळ्यांतून पाणी येऊन अक्षरे पुसट दिसायला लागली. मी वाचता वाचताच मनात म्हणालो, महाराज, मला उठता येत नाही. तुम्हीच या.

दाराची बेल वाजली.

मी उठणे शक्यच नव्हते. बेल पुन्हा वाजली आणि मग दार ढकलल्याचा आवाज आला. पाठोपाठ खणखणीत हाक आली, "ओ वयनी, म्हावरा हाय ताजा. बोंबील हाय, कोलबी हाय. घेताव काय?"

पारायणाच्या घरात मासळी. एरवी आम्ही वर्षाचे एक्कावन्न आठवडे मासे खातो आणि आमची नेहमीची कोळीण दर मंगळवारी येते. पण या आठवड्यात आमच्या मजल्यावर पाऊलही टाकायचे नाही असे तिला मी आठ दिवस आधी बजावून ठेवले होते. हा तिचा आवाज नव्हता. ही कोणी दुसरीच होती, आणि तिला कोणी काहीच सांगितलेले नव्हते.

बाहेर टोपली ठेवल्याचा आवाज झाला. मी श्वास घ्यायला थांबलो. तेवढ्या शांततेत सईचे कण्हणे तिला ऐकू गेले असावे. कारण पुढच्याच क्षणी ती खोलीच्या दारात उभी होती. पन्नाशी उलटलेली, धिप्पाड, काष्ट्याचे हिरवे लुगडे, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, आणि साऱ्या खोलीतल्या धुपाला पुरून उरेल असा बोंबलाचा वास. तिने माझ्याकडे पाहिले, गादीवरच्या ढिगाकडे पाहिले आणि म्हणाली, "ओ भाऊ, पोरीला भाजताव काय?"

मी वाचत राहिलो. तोंडाने ओव्या आणि भुवयांनी अभिनय. डाव्या हाताने मी तिला एवढ्या गोष्टी एकदम सुचवल्या: पारायण आहे, बाहेर थांबा, दिव्याजवळ जाऊ नका, पोर आजारी आहे, काहीतरी करा. हे सगळे एका हाताने सांगणे मोठमोठ्या नटांनाही जमले नसते. तिला त्यातले काही कळले नाही. "तोंडान बोला," ती म्हणाली आणि सरळ आत आली.

आत येऊन तिने बसायला जागा बघितली. गादीच्या लगत एक पाट मांडलेला होता, त्यावर स्वच्छ वस्त्र होते. ती त्यावर मांडी घालून बसली. सईला दोन्ही हातांनी उचलून तिने मांडीवर घेतले, घोंगडी एका बाजूला भिरकावली, रजई दुसऱ्या, शाल तिसऱ्या. टोपी काढली, स्वेटर काढला.

माझा आवाज बंद झाला. एकतीस वर्षे, आणि त्याआधी वडिलांची असतील तेवढी, तो पाट रिकामा राहिला होता. त्याच्यावर कोणी बसलेले मी कधी पाहिले नव्हते. आणि आता त्यावर मासळी विकणारी एक बाई माझ्या नातीला मांडीवर घेऊन, पदराने तिची मान पुसत बसली होती. मला काही तेजोवलय दिसले नाही, कुठे घंटा वाजल्या नाहीत. बाईच्या हाताला मासळीचे दोन खवले चिकटलेले दिसले. एवढेच.

"पंखा लावा," ती म्हणाली.

"दिवा..." माझ्या तोंडून इतकेच निघाले. ओवीच्या चालीत सईला मारलेली हाक सोडली, तर सहा दिवसांत वाचनाच्या वेळी पोथीबाहेरचा मी उच्चारलेला हा पहिला शब्द.

ती वर न बघताच म्हणाली, "दिवा इझला तर परत लावता येतो, भाऊ."

मी उठलो. उठताना गुडघे वाजले ते ऐकू आले. अकराला दहा मिनिटे होती हे त्याच वेळी घड्याळात पाहिले. बटण दाबले, खिडकी उघडली. पंख्याने दोन फेरे घेतले, ज्योत एकदा आडवी झाली, पुन्हा उभी राहिली आणि गेली. धुराची बारीक रेघ वर चढली. मी कोप होण्याची वाट पाहत खिडकीपाशी उभा राहिलो. शेजारच्या इमारतीवर कोणीतरी विटा उतरवत होते. बाकी काही झाले नाही. बाई म्हणाली, "उभं काय ऱ्हायलाव? पानी आना. जरा कोमट."

पुढचा दीड तास त्या घरात तिचे राज्य होते. मी थर्मामीटर शोधून आणला. काखेत एकशे तीनच्या वर पारा गेला. मी औषधाची बाटली उघडायला लागलो तर तिने विचारले, "आदी कवा दिलाव?" मी फ्रिजवरचा कागद वाचला. साडेसात. "मंग आपल्या मनान नाय द्यायचा. डागदरला इचारा." मी आतून फोन आणला. त्यावर मानसीचे सात फोन येऊन गेले होते. ते बघून मला जे वाटले ते इथे लिहीत नाही. मानसीला फोन केला, ती म्हणाली निघते. मग सईच्या डॉक्टरीणबाईंना लावला. त्यांनी आधी ओरडायचे ते ओरडून घेतले आणि मग एकेक विचारले. हाक मारली की बघते का? श्वास घेताना छाती आत ओढली जाते का? शेवटची शू कधी झाली? मग म्हणाल्या, अंगावर पातळ कपडा ठेवा, पंखा हळू ठेवा, चमच्याचमच्याने पाणी पाजत राहा. साडेअकराला औषध द्या, कागदावर लिहिले आहे तेवढेच, तिच्या वजनाप्रमाणे. एक थेंबही जास्त नाही आणि घरातली मोठ्यांची गोळी अर्धी करून तर मुळीच नाही. तिला बरे वाटत असेल तर कोमट पाण्याने अंग पुसा. पोर लोळागोळा झाली, जागीच होईना किंवा झटके आले तर माझी वाट बघू नका, तिला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि लगेच निघा. नाहीतर मानसी आली की घेऊन या.

माझ्यासारख्या माणसाला एवढ्याने समाधान होत नाही. मला काहीतरी मोठे, नाट्यपूर्ण करायचे होते. कोमट पाणी ही गोष्टच मला पटेना. तापावर गार पाहिजे. बाहेर टोपलीत मासळीवर घातलेला बर्फ होता. मी तिकडे बोट दाखवून म्हणालो, "त्यातला एक खडा द्याल का? धुऊन घेतो."

ती पहिल्यांदाच हसली. "तो बरफ पापलेटाला, पोरीला नाय. पोर आकसून जाईल, आनखी थंडी वाजंल, ताप आनखी चढंल." मग कपडा पिळता पिळता तिने सांगितले. तिच्या पहिल्या नातवाला असाच ताप आला होता. त्याला तिनेच गोधड्यांत गुंडाळले, दारे लावून घेतली, धुरी दिली. पोराला आकडी आली. दवाखान्यात नेले, तेव्हा तिथल्या सिस्टरने तिला सगळ्या ओळीसमोर झापले आणि मग शेजारी बसवून कोमट पाण्याचा कपडा कसा फिरवायचा ते दाखवले. नातू बरा झाला, आता शाळेत जातो. "तवापासून मी आमच्या गावात धा पोरा आशी उघडी केली," ती म्हणाली. "मानसा घाबरली का गुंडालतात, भाऊ. मी पन गुंडालला व्हता."

त्या वाक्याने माझा जीव हलका झाला. कारण तोवर मी स्वतःला सबंध रायगड जिल्ह्यातला एकमेव मूर्ख समजत होतो. नंतर डॉक्टरीणबाईंनीही सांगितले की अशी आकडी कोणत्याही तापात येऊ शकते, तिने स्वतःला एवढा दोष लावून घ्यायला नको. मी तो निरोप तिला पोचवला. तिने नुसती मान हलवली.

सई रडायला लागली. कोमट कपडा पायावरून फिरला की जोरात रडायची. मी घाबरलो की बाई म्हणायची, "रडतेय तवर बरा हाय." चमच्याने पाणी पाजायचे काम माझ्याकडे होते. पहिले चार चमचे सईने बाहेर काढले. पाचवा गिळला. तो तिच्या घशातून खाली उतरताना मी पाहिला, आणि आयुष्यात इतक्या एकाग्रतेने मी दुसरे काहीही पाहिलेले नाही; पोथीची पानेसुद्धा नाही. साडेअकराला औषध दिले. मग नुसती वाट बघणे राहिले. बाई पाटावर, मी जमिनीवर, मध्ये पोर. पंख्याची घरघर. बारा वाजून गेल्यावर सईच्या कपाळावर, अंगाऱ्याच्या खाली, दवासारखे बारीक थेंब उमटले. ती डोळे उघडून बाईच्या गजऱ्याकडे बघायला लागली, आणि तिने हात लांब करून त्यातले एक फूल ओढले.

"घे बाय, सगला घे," बाई म्हणाली.

मानसी एकच्या सुमारास रिक्षाने आली. बाई तोवर उठली होती. तिची सकाळ आमच्या घरात गेली होती आणि टोपलीतल्या बर्फाचे पाणी दिवाणखान्यात पसरले होते. पण त्या वासाने जो चमत्कार केला तो सांगायला हवा. आमच्या मजल्यावरचे आणि खालच्या-वरच्या मजल्यावरचे, जे सहा दिवस माझ्या वाचनाला एकदाही फिरकले नव्हते, ते सगळे भांडी घेऊन आमच्या दारात आले आणि टोपली पाच मिनिटांत रिकामी झाली. कुत्र्याच्या मालकिणीने बोंबील नेले. जाताना मी बाईचे नाव विचारले. तारा. आमच्या नेहमीच्या कोळणीची जाऊ. "ती सांगायची इसरली वाटतं तुमचा काय ते," ती खळखळून हसत म्हणाली, आणि रिकामी टोपली डोक्यावर ठेवून गेली.

घशाचा संसर्ग होता. ताप संध्याकाळी पुन्हा चढला, पुन्हा उतरला. दुसऱ्या दिवशी कमी चढला, तिसऱ्या दिवशी आलाच नाही. आता आम्हाला काय करायचे ते माहीत होते, त्यामुळे घरात पळापळ झाली नाही. फक्त कागदावर वेळ आणि तापाचे आकडे लिहायचे काम होते, ते मी ग्रंथालयातल्या नोंदीसारखे सुवाच्य अक्षरात केले.

बायको त्या दिवशी संध्याकाळी चिरनेरहून परतली. दारातच तिने नाक वर केले. देवाच्या खोलीत बोंबलाचा वास, विझलेला दिवा, उघडी खिडकी, मध्येच उघडी पडलेली पोथी, आणि जमिनीवर सईशेजारी आडवा झालेला मी. मी उठून बसलो आणि सगळे सांगितले. भाजताव काय, तेही सांगितले. घाईघाईने वाचलेल्या ओव्यांचेही सांगितले. मला वाटले ती रागावेल, आणि तिने रागवावे असेही वाटत होते. ती सईच्या गळ्याला हात लावून बसून राहिली. मग म्हणाली, "एकतीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही कुणासाठी तरी उठलात."

दुसऱ्या दिवशी मी दिवा पुन्हा लावला. तो लागला. तारामावशी म्हणाल्या तसाच, एका काडीत. मोडलेल्या ओवीपासून पुढे वाचायला बसलो, खिडकी उघडी, आवाज एवढाच की मांडीवरच्या सईला ऐकू जावा. त्या दिवशी मी पाच वेळा उठलो: दोनदा पाण्यासाठी, एकदा औषधासाठी, एकदा शू, आणि एकदा तिला खिडकीतून क्रेन बघायची होती म्हणून. सांगता दोन दिवस उशिरा झाली. एवढी वर्षे मी शरणागती म्हणजे न हलता बसणे असे समजत होतो. वाटायचे, मी नियम घट्ट धरला की देव मला धरील. त्या सकाळी माझ्या हातून नियम सुटला आणि तरी मी पडलो नाही. आपले सामर्थ्य संपले, असे मनापासून कबूल करावे आणि मग जे दारातून येईल, मग त्याला कसलाही वास येवो, त्याचे ऐकावे. मला कळले ते एवढेच. ते महाराज होते की नव्हते, यावर मी वाद घालत नाही. हाक मारली आणि कोणीतरी आले. त्याचे ऋण मनात आहे आणि ते तिथेच राहू दे, फिटायला नको.

सांगतेच्या जेवणाला अतिथी बोलवावा लागतो. त्याला महाराज मानून जेवू घालायचे असते. यंदा कोणाला बोलवायचे यावर आमच्या घरात चर्चाच झाली नाही. मी मासळी बाजारात जाऊन तारामावशींना आमंत्रण दिले. त्यांना वाटले मी चेष्टा करतोय. पण त्या आल्या. जरीचे लुगडे, नवा गजरा, डोळ्यांत संशय. बायकोने हळदकुंकू लावले, ओटी भरली. त्यांना पाटावर बसवले, समोर पान वाढले. मानसी सईला घेऊन कोपऱ्यात बसली होती. पोर बरी झाली होती, पण चार दिवस तिने नीट काही खाल्ले नव्हते. दोन घास दूध-भात, की मान फिरवायची. मानसीच्या चेहऱ्यावर तेवढी एक काळजी उरली होती.

आणि मी, जित्याची खोड म्हणतात ती, हात जोडून उभा राहिलो. माझे डोळे भरून आले होते, ते खरेच आले होते. पण आवाज मात्र आपोआप रंगमंचावरचा लागला. मी म्हणालो, माते, या अज्ञानी जिवाला तू डोळे दिलेस. तुझ्या रूपाने या घरात साक्षात... आणि मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. तिथेही मी बोलतच होतो. बराच वेळ बोलत असलो पाहिजे. मागून कोणीतरी बारीक आवाजात काहीतरी म्हणत होते, ते माझ्या कानावर पडले नाही. तारामावशींच्या कानावर मात्र पडले. त्यांनी पाय मागे ओढून घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"उठा वो भाऊ, पाया मंग पडा, पोर कवापासून भात मागतेय, तिला वाढा आदी!"